मुका टी
सागाच्या ताज्या भुशाचा वास आला की मला नवापूरची शाळा आठवते आणि चीड येते. इंग्रजीच्या मास्तरांना नोकरीत कायम करायचे की नाही, हे ठरवायला तपासनीस साहेब आले होते. "डेपॉट म्हणजे काय?" त्यांनी विचारले. शब्द कुणाच्याच ओळखीचा वाटेना. त्यांनी शब्द फळ्यावर लिहिला, तसा माझ्या शेजारचा गाडीवानाचा मुलगा ओरडला, "साहेब, हाऊ ते डेपो शे! मन्हा बाप तठेच लाकडं उतारस." "खेडवळ उच्चार!" साहेब कडाडले. मास्तर हळूच म्हणाले, "साहेब, शब्द मूळ फ्रेंच आहे. शेवटचा टी मुका असतो." "मग तुम्हीही मुके राहा!" शेरा वाईट पडला आणि मास्तरांची नोकरी गेली. साहेब केव्हाच पेन्शनीत गेले असतील. माझा राग मात्र अजून नोकरीवर आहे.