कुत्रीच्या डोळ्यासाठी फिरवलेलं ताट

आमची मेंढरं राखणाऱ्या कुत्रीच्या डोळ्यात बाभळीचा काटा घुसला, तेव्हा मी कुरकुंभच्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जात होते. दौंडचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "पुण्याला नेऊन ऑपरेशन करा, नाहीतर डोळा जाईल." माझा पगार त्याला पुरणार नव्हता.

आईनं भंडारा वाहिलेलं ताट उचललं आणि आम्ही दोघी दारोदार निघालो. मला शरमेनं मान वर करवत नव्हती. पारावर जत्रेची वर्गणी गोळा करणारे आप्पा बसले होते. ते मोठ्यानं हसले. "कुत्रीसाठी वर्गणी? आगं, इथं देवाचं काम अडलंय!"

आईनं ताट खाली घेतलं नाही. "आप्पा, खंडोबाच्या घोड्यापाशी कुत्रं हाय का न्हाई? मग हे बी देवाचंच काम हाय. लांडगा आला तवा तुमची मेंढरं बी हिनंच राखली."

आप्पांनी काही टाकलं नाही. काहींनी दारं लावून घेतली. पण ज्यांची मेंढरं आमच्याबरोबर चरायची, त्या बायकांनी डब्यातले पैसे काढून दिले. मग मीही मान वर करून मागू लागले.

पुण्यात ऑपरेशन झालं. नजर थोडी अधू राहिली, पण डोळा वाचला. परत येताना आईनं टेम्पो मुद्दाम पारापाशी थांबवला आणि कुत्रीला तिथंच उतरवलं.

"दिसतंय का तिला?" आप्पांनी विचारलं.

"दिसतंय की," आई म्हणाली. "म्हणून तर तुमच्यावर गुरगुरतीया."