उन्हातली मेंढरं

धनगरवाड्यातल्या म्हसूने गुडघे गेले तेव्हा मेंढरं विकली. आता तो कोळवणजवळ एका पुणेकराचा बंगला राखतो. तिथल्या दिवाणखान्यात जुन्या पुण्यातल्या बाजारचौकाचं मोठं चित्र आहे. टांगे, भाजीवाल्या, आणि कोपऱ्यात खांद्यावर घोंगडी टाकून बसलेला एक माणूस. त्याच्याभोवती मळकट पांढरे ढीग.

म्हसूचा पणजा बिरू भावकीची मेंढरं घेऊन पुण्याकडे गेला, तो परतलाच नाही. मेंढरं विकून पळाला, असं भावकी अजूनही जत्रेत तोंडावर बोलते. म्हसूला ते फार लागायचं. चित्र बघून बघून त्याने मनाशी धरलं, हा बिरूच. मेंढरं जवळ आहेत, म्हणजे विकली नव्हती.

मालकांना विचारून त्याने भावकीतल्या सोमनाथला चित्र दाखवायला आणलं. मालकांची चित्रकला शिकणारी मुलगी जुईली तिथेच होती.

म्हसूने बिरू आणि त्याची मेंढरं दाखवली, तशी तिने विचारलं, "मेंढ्या कुठे आहेत, काका?"

"ह्या काय! सावल्या पायातच हायेत, म्हंजे भर दुपार. उनात मेंढरं एकमेकीच्या पोटाखाली डोकी घालत्यात. डोकी दिसायची न्हाईत."

"व्हय, मेंढरंच ती," सोमनाथ म्हणाला.

जुईलीने मोबाईलवर फोटो काढला, तो कोपरा मोठा केला आणि मोबाईल म्हसूच्या हातात दिला. ढिगांच्या तोंडाला सुतळीची शिवण होती. ती हळूच म्हणाली, "कापसाची पोती वाटतात, काका. हमाल असेल तो."

सोमनाथला हे ऐकू गेलं नव्हतं. म्हसूने मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन ती शिवण पुन्हा पाहिली.

"सोमा, पोती हायेत रं," शेवटी तो म्हणाला.

सोमनाथ मोठ्याने हसला. "मंग काय! मेंढरं इकली आन् तुज्या पणज्यानं हमाली धरली!"

म्हसूची बायको उज्ज्वला चहा घेऊन आली होती. "भावजी, समद्यांची मेंढरं इकून पळालेला गडी उनात पोती कशापायी वाहील?"

सोमनाथचं हसू थांबलं. कप तसाच ठेवून तो पुन्हा चित्राजवळ गेला. घोंगडीवाल्याकडे बघत राहिला.

"एकलाच बसलाय," तो म्हणाला. मग जुईलीकडे वळला. "पोरी, त्यात मोठं करून बघ की. बिरूजवळ भाकरी हाय का काय?"