एका खोक्यावर पाच बीप

आमच्या गोदामात तिला सगळे घाईताई म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट नव्याने कामाला लागलेल्या मुलीला ती स्वतःच सांगायची, "मला घाईताई म्हणतात, तेव्हा माझ्यासमोर रेंगाळायचं नाही." चालणं, जेवणं, बोलणं, सगळं भरधाव. मी तिथे टेलिफोनवर बसतो. औषधांच्या दुकानदारांच्या ऑर्डरी घेतो, त्यांची बोलणी खातो आणि गोड आवाजात "पाठवतो हं" म्हणतो. माझ्या काचेच्या खोलीतून औषधं भरायची अख्खी लाइन दिसते, त्यामुळे तिची घाई मी वर्षानुवर्षं बघत आलोय.

कॉम्प्युटरची नवी व्यवस्था आली तेव्हा लाइनवरच्या प्रत्येकीच्या हातात स्कॅनर आला. औषधाचं खोकं उचलायचं, त्यावरचा कोड स्कॅनरला दाखवायचा, बीप वाजली की खोकं ट्रेमध्ये. कोणत्या बॅचचं, म्हणजे कंपनीने एका वेळी बनवलेल्या कोणत्या मालातलं, खोकं कोणत्या दुकानात गेलं याची नोंद आपोआप व्हायची. भिंतीवर भलामोठा स्क्रीनही लागला. कोणाचा वेग किती ते त्यावर दिसायचं आणि जी मागे पडेल तिचं नाव लाल व्हायचं. चारचौघांत आपलं नाव लाल झालेलं कोणाला आवडेल?

घाईताईने त्यावर तोड काढली. एका औषधाची पाच खोकी पाठवायची असली की ती सगळ्यात वरच्या खोक्यावर पाचदा बीप वाजवायची आणि गठ्ठाच्या गठ्ठा ट्रेमध्ये ठेवायची. संख्या बरोबर, कॉम्प्युटर खूश, नाव हिरवं. खालची चार खोकी वेगळ्या बॅचची असतील तर काय, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही. औषध तर तेच होतं ना. पुढे ती लाइनची प्रमुख झाली आणि ही युक्ती तिने सगळ्यांना शिकवली, स्वतःच्या धाकट्या जावेलासुद्धा. पाहुणे आले की मालक त्यांना लाइनवर नेऊन वेगाचं कौतुक करायचे. एवढा वेग येतो कुठून, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मला विचाराल तर त्यांना ते विचारायचंच नव्हतं.

मग एके दिवशी सकाळी औषध कंपनीचा मेल आला. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर घालायच्या थेंबांची एक बॅच दूषित निघाली होती. ते थेंब डोळ्यात गेले तर डोळा जाऊ शकतो, सगळा माल ताबडतोब परत मागवा, असं त्यात लिहिलं होतं.

मालक अजिबात घाबरले नाहीत. माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी कॉम्प्युटरला बॅचचा नंबर दिला आणि चार दुकानांची नावं समोर आली. "यासाठीच तर ही सिस्टीम घेतली," ते म्हणाले. "चार फोन लावा आणि मोकळे व्हा."

पहिल्याच दुकानदाराने कपाट उघडून बघितलं आणि म्हणाला, "या नंबरचं एकच खोकं आहे हो माझ्याकडे. तुम्ही पाच म्हणताय. बाकीची चार दुसऱ्या नंबरची आहेत."

"त्याला धड बघता येत नाही," मालक म्हणाले. "पुढचा लावा."

मी मान वर केली तर घाईताई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या दुकानात एकच वाईट खोकं गेलं, याचा अर्थ उरलेली चार भलत्याच दुकानांत गेली होती, आणि कुठे ते कॉम्प्युटरला ठाऊक नव्हतं. मागून जावेने तिचा हात धरला. ती कुजबुजत होती, पण मला ऐकू येत होतं.

"ताई, गप्प राहा. सगळ्याजणींच्या पोटावर पाय येईल. आपल्या घरातल्या तर दोघींचाही पगार जाईल. कशावर जगायचं मग?"

"आणि कोणाचा डोळा गेला तर?"

"कोणाचा कशाला जाईल? उगाच नाही नाही ते मनात आणू नका."

घाईताईने हात सोडवून घेतला आणि आत आली. इतकं सावकाश बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, ही यादी खरी नाही," ती म्हणाली, आणि पाच बीपची सगळी हकिगत तिने उभ्या उभ्या सांगून टाकली.

मालक ऐकत होते तोवर त्यांच्या कानशिलाची शीर फुगली होती. "म्हणजे आता सगळ्याच दुकानांना फोन? आमच्याकडच्या नोंदी खोट्या आहेत अशी दवंडी पिटायची?"

"हो."

"आणि कुठेच काही सापडलं नाही तर?"

"तर मला काढून टाका."

"सापडलं तरी काढीन."

"काढा. पण आधी फोन करू द्या."

खरं सांगतो, मला त्या क्षणी दोघांचाही संताप आला होता. तिचा, कारण एवढी हुशारी तिने भलत्याच ठिकाणी वापरली. त्यांचा जास्त, कारण डोळ्यांचा प्रश्न होता आणि हे अब्रूचा हिशेब करत होते. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मी त्यांच्याकडे न बघता नंबर फिरवायला लागलो.

लाइन बंद पडली. मुली आपापले मोबाइल घेऊन माझ्या खोलीत दाटीवाटीने उभ्या राहिल्या आणि मी नंबर वाटत सुटलो. दुकानदार वैतागले होते. "गिऱ्हाईक उभं आहे, नंतर करा," एकाने फोन आपटला, त्याला पुन्हा लावला. "बाटली हातात घ्या, नंबर वाचा." नाही. नाही. आमच्याकडे नाही. घाईताई प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत फिरत होती. खोकी सापडली तर तिच्यामुळे कोणाच्या तरी घरात ते विष गेलेलं असणार, आणि नाही सापडली तर ती कुठल्या तरी कपाटात तशीच राहणार. तिने मागायचं तरी काय? जाऊ एका कोपऱ्यात तोंड फिरवून उभी होती. थोड्या वेळाने तिनेही मोबाइल काढला.

"आता पुरे," मालक म्हणाले. "दिवस फुकट गेला. यादीबाहेर काहीही नाहीये."

तेवढ्यात माझ्या फोनवरचा दुकानदार एकेक आकडा वाचायला लागला. छोटंसं दुकान, यादीत नसलेलं. मी स्पीकर चालू केला. शेवटचा आकडाही जुळला. चारही खोकी त्याच्याकडेच होती.

"एकातली बाटली सकाळीच गेली हो," तो म्हणाला. "आमच्या गल्लीतले रिटायर्ड मास्तर. ऑपरेशन झालंय त्यांचं. त्यांची सून घेऊन गेली."

सुनेचा नंबर त्याच्याकडे होता. मी फिरवला. पलीकडे घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, आणि तुटली. पुन्हा लावला. या वेळी घाईताईने रिसीव्हर माझ्या हातातून ओढून घेतला, तरी स्पीकर चालूच राहिला.

"हॅलो? कोण?"

"बाई, सकाळी आणलेले डोळ्यांचे थेंब... घातले का?"

"नाही. पट्टी उद्या सुटणार आहे. उद्यापासून घालायचे आहेत. का?"

घाईताईने सांगितलं, की ते थेंब दूषित निघालेत, बाटली उघडू नका, वेगळी ठेवा, आमचा माणूस आत्ता येऊन घेऊन जाईल. सून म्हणाली, "अगं बाई! देवासारख्या धावून आलात हो. बाबांचा एकच डोळा राहिलाय."

इथे फोन ठेवता आला असता. मालकांनी तशी खूणही केली.

"मला देव म्हणू नका," घाईताई म्हणाली. "ती बाटली आमच्याकडूनच आली. नंबर न बघता पाठवली. आणि न बघता पाठवायची सवय सगळ्यांना मीच लावली."

पलीकडे मागे कुठेतरी म्हातारबुवा "कोणाचा फोन गं?" म्हणून विचारत होते.

"मग बघत जा ना हो," सून म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं, मालकांनीही.