कांई म्हणजे काय

आमच्या तांड्यातली पहिली पदवीधर मी. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. डी.एड. केलं, नोकरी लागली, मग धाराशिवला जाऊन परीक्षा देत देत बी.ए. पूर्ण केलं. आज मी माझ्याच तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. चौथीपर्यंतची शाळा, शिक्षक दोन. तिसरी-चौथी हेडसरांकडं, पहिली-दुसरी माझ्याकडं.

दोन वर्षं मी पहिलीचा वर्ग आमच्या बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत चालवला. नुसता समजावण्यापुरता नाही, सगळाच. हजेरी बोलीत, बेरीज बोलीत, रागावणंसुद्धा बोलीत. भाकरीचं चित्र काढायचं आणि खाली ‘बाटी’ लिहायचं, आईच्या चित्राखाली ‘याडी’. अक्षरं मराठीचीच. ती एकदा हाताला लागली की दिवाळीनंतर हळूहळू मराठी शब्द आणायचे. हेडसरांना बोली येत नाही, पण त्यांनी कधी अडवलं नाही. पोरं येतात ना, मग झालं, एवढंच त्यांचं म्हणणं.

मग फाट्यापलीकडच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी तांड्याच्या तोंडापर्यंत यायला लागली. टाय घातलेली चार-पाच पोरं तिच्यात बसून जायची आणि बाकीच्यांच्या आया दारात उभ्या राहून बघायच्या. पाडव्याच्या सुमाराला ऊसतोडीची माणसं परत आली, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात पालकांची सभा भरली. विषय एकच होता, पहिली बोलीत चालवायची की बंद करायची.

शाळा समितीचे अध्यक्ष नात्यानं माझे काका लागतात. ते म्हणाले, “बोली तर पोटातनंच येती. ती शिकवायला पगारी बाई कशाला?” लोक हसले. मीही हसले, कारण वाक्य चांगलं होतं.

मला त्यावर उत्तर द्यायचं होतं. आदल्या दिवसापासून मी ते मनात जुळवत होते. उत्तर म्हणजे माझीच गोष्ट होती, आणि ती मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती.

मी सहा वर्षांची असताना आई-बा तोडीला गेले आणि मला आश्रमशाळेत ठेवलं. मला मराठीचा एक शब्द येत नव्हता. आमच्यात ‘काय’ला ‘कांई’ म्हणतात. कुणी काही विचारलं की मला कळायचं नाही, म्हणून मी उलट विचारायची, “कांई?” ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगी ‘काई न्हाय’ म्हणतीय. भूक लागली का? कांई. बरं, न्हाय लागली. थंडी वाजते का? कांई. बरं, न्हाय वाजत. एकदा माझा कान फुटला. उशी ओली झालेली बघून तिथल्या बाईंनी विचारलं, काय होतंय गं. मी म्हटलं, कांई? त्या शेजारच्या मुलीला म्हणाल्या, काई न्हाय म्हणतीय, झोपू दे तिला. बाई वाईट नव्हत्या. तीनदा विचारलं त्यांनी. पण त्या डाव्या कानानं मला आजही फार कमी ऐकू येतं. बा समजतात, लहानपणी कॅनॉलमध्ये पोहताना पाणी गेलं.

एवढंच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर निदान बाया तरी माझ्या बाजूनं झाल्या असत्या, असं मला तेव्हा वाटत होतं. आताही वाटतं.

मी उठणार तेवढ्यात मागून हापशाजवळून बा उठले. बा समितीत नाहीत, सभेत कधी बोलत नाहीत. ते आमच्या बोलीतच बोलले, मी मराठीत लिहिते.

“तुम्ही आमच्या बाईकडं बघा,” बा म्हणाले.

“बाई काय म्हणतोस, तुझी पोरगी म्हण की,” कुणीतरी टोकलं.

“घरी पोरगी. शाळेत बाईच.” लोक पुन्हा हसले. बा हसले नाहीत. “हिला एक शब्द येत नव्हता. एकलीला ठेवून आमी तोडीला गेलो. मी तिकडं रोज म्हणायचो, पोरगी काय करत आसल. परत आलो तर फडाफडा मराठी बोलायली. रडली न्हाय, एक तक्रार केली न्हाय. आज बी.ए. हाय. पोरांला काई होत न्हाय. टाका मराठीत.”

आणि ते खाली बसलेच नाहीत. तसेच उभे राहिले, माझ्याकडं बघत.

अध्यक्षांनी मला विचारलं, “बाई, तुमचं काय म्हणणं?”

कानाचं सांगायची जागा हीच होती. मी बांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, “समिती ठरवील तसं.”

हात वर झाले. जवळजवळ सगळेच. जूनपासून पहिली मराठीत, जोडीला पहिल्या दिवसापासून इंग्रजी.

मला वाईट वाटायला हवं होतं. लोक पांगल्यावर मी वर्गात जाऊन वाईट वाटायची वाट बघत बसले. वाटलं नाही. मग खिडक्या लावल्या, ‘याडी’ आणि ‘बाटी’चे तक्ते काढून कपाटात ठेवले आणि कुलूप घातलं. बा बाहेर थांबले होते. वाटेत म्हणाले, “लई दिवसांचं मनात होतं. बरं बोललो का?”

“बरं बोललात, बा.”

दुकानापाशी कुणीतरी भेटलं, तर त्यालाही त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. मी शेजारी उभी होते.

आता वर्ग मराठीत चालतो. कुणी फारच अडलं तर जवळ जाऊन हळूच बोलीत सांगते, त्याला अजून कुणी मनाई केलेली नाही. गाडीतून जाणाऱ्यांपैकी एक मुलगा परत आला, बाकीचे तिकडंच आहेत. माझ्या पहिलीत एक मुलगी आहे, ती महिनाभर काहीच बोलली नाही. तिला काय होतंय ते मला कळतं, म्हणून तिला पहिल्या बाकावर बसवलीय.

बा अधूनमधून येतात आणि शाळेबाहेर लिंबाखाली बसतात. पोरं मराठीत पाढे म्हणतात, ते ऐकत राहतात. त्यांना नीट ऐकू जावं म्हणून मी दार उघडं ठेवते.