तीन-तीनची गिनती

फेब्रुवारीतला मंगळवार. बमरोलीतली आमची डाइंग मिल, दिवसपाळी. सकाळच्या गिनतीला हजर अडतीस कामगार, मॅनेजर आणि मी.

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि सुरतेत या मिलमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर झालो. ही ड्यूटीसुद्धा मी पोस्टिंगच मानतो. पलटणीत गिनती रोज होते. माणसं तीन-तीनच्या रांगांत उभी राहतात. शेवटची रांग अपुरी पडली तर तिला ब्लँक फाइल म्हणतात, आणि तिच्यात किती उरले हे बघून एकूण आकडा लगेच कळतो. मिलमध्येही पाळी लागताना रोज गिनती घेईन, असा शब्द मी मालकांना दिला होता.

पहिला आठवडा सगळे हसत उभे राहिले. मग कंटाळले. बहुतेक खानदेशातले, नवागामला राहणारे. भटू नावाचा हेल्पर रोज विचारायचा, "मेजरदादा, आज लढाई कोठे शे?" मी मेजर नव्हतो, हे त्याला रोज सांगावं लागे. मॅनेजर म्हणाले, "रहने दो ना, अंगूठा तो मशीन पे लगता ही है."

खरं तर मीही कंटाळलो होतो. घरी बायकोला म्हणालो, "उद्यापासून बंद करतो."

ती पोळी लाटत म्हणाली, "करा. सकाळचं फिरणं बंद केलं, गुजराती शिकणं बंद केलं. हेही करा."

दुसऱ्या दिवशी मी शिट्टी घेऊन गेलो.

त्या मंगळवारी बारा रांगा भरल्या, तेराव्यात दोघं उरले. काम सुरू झालं.

दुपारी वॉकीटॉकी वाजला. "गेट, तिसरा मजला. स्टेंटरला आग. ओव्हर." स्टेंटर म्हणजे कापड ताणून सुकवायचं लांबलचक यंत्र.

"सगळे खाली. जिना मोकळा ठेवा. ओव्हर."

माणसं अंगणात उतरली. वरच्या खिडक्यांतून काळा धूर येत होता. बंब आला. अधिकाऱ्यानं पहिला प्रश्न विचारला, "अंदर कोई छे?"

माझ्या उत्तरावर त्यांची माणसं आत जाणार की बाहेरूनच पाणी मारणार, हे ठरणार होतं.

"साहेब, गिनती घेतो."

"जल्दी."

शिट्टी मारली. "तीन-तीन में, फॉल इन!" खोकत, धडपडत सगळे उभे राहिले. मी नावं पुकारली. प्रत्येक नावाला "हाजर" आलं. मॅनेजरनी कपाळ पुसलं. "सब आ गए."

तेराव्या रांगेत एकच माणूस होता.

"दुसऱ्याच्या नावानं कोण बोललं?"

मग भटूचा मावसभाऊ संतोष पुढे आला. "दादा, भटू जेवण व्हयनं का ताकासमांगे झोपस. मुकादमनी हाक मारी का त्याना नाववर मीच बोली देस. आते बी तोंडमाईन निंघी गयं."

मी अधिकाऱ्याकडे वळलो. "एक आत. तिसरा मजला. जिन्याच्या डावीकडे, कापडाच्या ताक्यांमागे."

दोन जवान मास्क लावून आत गेले. संतोष त्यांच्यामागे धावला. मी त्याची कॉलर धरली.

"रांगेत उभा राहा."

"मना भाऊ शे तो!"

"माहीत आहे. उभा राहा."

तो उभा राहिला. कोणी रांग मोडली नाही. वर काचा फुटल्या. जिन्याच्या तोंडातून धुराशिवाय काही येत नव्हतं. अधिकारी वायरलेसवर एकच शब्द विचारत होता, "मळ्यो?" बराच वेळ उत्तर नव्हतं. मग खरखरीतून आवाज आला, "मळ्यो."

भटूला खांद्यावर टाकून आणलं. श्वास चालू होता.

शिरपूरकडच्या गावाहून त्याची आई हॉस्पिटलात आली. भटूनं तिला ओळखलं. दोन दिवस थोडंथोडं बोललाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. भटू, वय चोवीस, हेल्पर, स्टेंटर विभाग.

हॉस्पिटलच्या पायरीवर त्याच्या आईनं मला विचारलं, "मना पोऱ्या एकलाच व्हता का मझार?"

"नाही, मावशी. दोन जवान आत गेले होते त्याला आणायला."

तिनं त्यांची नावं विचारली. मी सांगितली. तिनं ती माझ्यामागून सावकाश म्हटली, आणि एक नाव चुकलं म्हणून परत विचारलं.