कळणारा गाल

खुर्चीत बसल्यावर बहुतेक माणसं डोळे मिटतात. तुम्हीही मिटत असाल. काका मिटत नसत. चष्मा काढायचा, सदऱ्याच्या खिशात ठेवायचा, मान मागे टाकायची आणि उघड्या डोळ्यांनी वरच्या पंख्याकडे बघत म्हणायचं, "चालू दे, सूनबाई. मी हाय."

वस्तरा त्यांच्या गळ्यावर, आणि धीर ते मला देत होते.

दहिवलीत आमचं दोन खुर्च्यांचं सलून आहे. माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि ह्यांची उजवी बाजू गेली. हात, पाय, निम्मा चेहरा. तीन महिने शटर खाली होतं. त्याआधी मी दुकानात जायचे ती फक्त धुतलेले टॉवेल पोचवायला. एक दिवस हे जड जिभेने म्हणाले, "तू शीक. दुसरं काय करणार आपण?" ब्लेड मधोमध मोडून त्यातलं अर्धं वस्तऱ्यात कसं बसवायचं, ते डाव्या हाताने दाखवलं. आणि सरावाला स्वतःचा उजवा गाल पुढे केला.

त्या गालाला काही कळत नव्हतं. मी चिरलं तरी हे शांत. आरशात लाल दिसलं की मग म्हणायचे, "लागलं वाटतं." रोज सकाळी मी त्या गालावर शिकत होते आणि रोज माझी भीती वाढत होती. कुठे चुकलं, ते मला सांगणारं कुणी नव्हतं.

शेवटी एकदाचं शटर वर केलं. गिऱ्हाईक दारातून डोकवायचं, "मास्तर नाहीत?" विचारायचं आणि "नंतर येतो" म्हणून निघून जायचं. बाईच्या हातात वस्तरा बघून माणसाचा हात आपोआप गळ्याकडे जातो, हे मी तेव्हा पाहिलं. तीन दिवस खुर्च्या पुसत बसले. चौथ्या दिवशी काका आले.

ते रेल्वेतून निवृत्त झालेले. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा द्यायला वेगळी इंजिनं लावतात, त्यांवर त्यांची सगळी नोकरी गेली. आमचं जुनं गिऱ्हाईक, पण मला फक्त तोंडओळख.

"तू करणार?" त्यांनी विचारलं.

"शिकतेय, काका."

"कुणाच्या गालावर?"

मी सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मग आता कळणाऱ्या गालावर शीक."

ब्रश फिरवताना साबणाचा फेस त्यांच्या कानात गेला. ते पंख्याकडे बघत बोलत राहिले. "ओढतंय... पातं जास्त उभं झालं. थोडं आडवं कर... हां. आता बरं." मी जोर लावला की म्हणायचे, "ढकलू नको गं. आमी जन्मभर गाड्या ढकलल्या. ह्याला ढकलायचं नसतं, नुसतं न्यायचं असतं." दोन गालांना मला पाऊण तास लागला. मी गळ्याशी आले आणि थांबले. "राहू दे," ते म्हणाले, "त्याला काय घाई नाय."

एक दिवसाआड ते येत राहिले. महिन्याभराने मी गळ्याला वस्तरा लावला. पहिल्या दोन वेळा नीट झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी आवंढा गिळला आणि त्याच क्षणी माझं पातं जबड्याखाली टेकलं.

काप केवढा, तर तांदळाच्या कणीएवढा. मी तुरटी फिरवली. रक्त थांबेना. कापूस दाबला, कापूस भिजला. टॉवेल घेतला, त्याच्यावर डाग पसरत गेला. "काय नाय, काय नाय," काका म्हणत होते, पण मला काही ऐकू येत नव्हतं. दुकान उघडं टाकून त्यांना रिक्षात घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या वाटेत त्यांच्या गळ्यावर टॉवेल दाबून धरला होता. वाटत होतं, हात काढला की माणूस संपेल.

डॉक्टरांनी जखम बघितली, मग काकांकडे बघितलं. "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे ना तुमची? यांना सांगितलंत?"

काका छताकडे बघायला लागले.

रक्त थांबलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर वस्तरा धरला असतास?"

"नाही."

"मग?"

मी रस्त्यातच ओरडले. "तुमचं काही झालं असतं तर काका? मी कुठे तोंड दाखवलं असतं? ह्यांना काय सांगितलं असतं?" गळ्याला पट्टी लावलेले ते शाळेतल्या मुलासारखे खाली बघत उभे राहिले. "चुकलं माझं," म्हणाले.

मी त्यांना खुर्चीत बसवायचं बंद केलं. त्यांनी दुसऱ्या सलूनमध्ये जायचं नाकारलं. तीन आठवडे त्यांची पांढरी दाढी दहिवलीभर फिरत होती. कुणी विचारलं की सांगायचे, "आमची कारागीर रागावलीय." ते ऐकून दोघं-तिघं नुसती कारागीर बघायला आले आणि केस कापून गेले.

शेवटी मीच त्यांना हाक मारली. "गालांवर वस्तरा चालवीन. गळ्याला मशीन. आणि डॉक्टरांना विचारून या. कबूल असेल तर बसा."

"आता मालकीण बोलली," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून आले आणि बसले.

पण गळा शिकायचा राहिला होता, ते त्यांच्या डोक्यात होतं. मग त्यांनी आपले नोकरीतले मित्र आणायला सुरुवात केली. एकेकाला दंडाला धरून आत आणायचे, खुर्चीत बसवायचे आणि मला सांगायचे, "ह्याला गोळी नाय. मी इचारलंय." मित्र बिचारा घाबरून त्यांच्याकडे बघायचा, मी मित्राच्या गळ्याकडे. काका बाकावर बसून मलाही दटावायचे आणि त्यालाही. "आवंढा गिळू नको रं!" असे किती गळे झाले, आठवत नाही. भीती गेली नाही. भीती असतानाही हात चालायला लागला.

यंदा थंडीत काका झोपेतच गेले. नवव्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. "उद्या दहावा आहे, उल्हास नदीच्या काठावर. तुम्ही याल का?" मला वाटलं, नुसतं बोलावतोय. "डोकं करायला," तो म्हणाला.

काठावर सगळी पुरुषमंडळी. मी पेटी उघडली तसे एक म्हातारे नातेवाईक पुढे आले. "बाई? दहाव्याला?" माझी बोटं पेटीतच राहिली. मुलगा पाटावर बसला होता, त्याने मागे वळूनही बघितलं नाही. "बाबांची दाढी ह्याच करायच्या," तो म्हणाला. "करा, वहिनी."

म्हातारे बाजूला झाले, पण गेले नाहीत. बघत उभे राहिले. सगळेच बघत होते. पूर्ण डोकं मी त्याआधी कधी वस्तऱ्याने केलं नव्हतं. पाणी चोळलं आणि कपाळापासून मागे निघाले. एक थेंबही येता कामा नये, एवढंच मनात. केस पुंजक्यांनी त्याच्या मांडीवर पडत होते. कानामागे मी दोनदा थांबले, श्वास घेतला, पुन्हा सुरू केलं. शेवटी ओल्या टॉवेलने डोकं पुसलं आणि टॉवेल उजेडात धरून बघितला. कुठेही लाल नव्हतं.

मुलाने दोन्ही तळवे डोक्यावरून फिरवले आणि माझ्याकडे तोंड केलं. "कसा दिसतोय?"

मी ओळखत होते तेव्हापासून काकांच्या डोक्यावर केस नव्हते. तेच कपाळ, तेच कान, कानामागची तीच शीर. मी नदीत वाकून वस्तरा धूत राहिले.