सव्वीस चिंचोके

भीमण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर कवायत घेत होतो आणि एका पोराला झापत होतो. "लंगडतोस काय असा? नीट पाऊल टाक!" माझा आवाज ऐकून शिपायाला पुढं यायचा धीर होईना. शेवटी जवळ येऊन तो हळूच म्हणाला, "मास्तर, तालमीतले भीमण्णा गेले... सकाळीच. छातीत ताप भरला होता म्हणं." मी त्या पोराच्या पायाकडं पाहिलं. त्याला सावलीत जाऊन बस म्हणालो. बाकीची पोरं रांगेत तशीच उन्हात ताटकळली. त्यांना 'जा' म्हणायचंही मला सुचलं नाही.

याला आता दीड महिना झाला. शुक्रवार पेठेत कुणाचाही पाय मुरगळला की तो आमच्या तालमीत भीमण्णाकडं यायचा. हा गडी मूळचा दुधनीकडचा, धनगराच्या घरातला. बोलणं मराठी आणि मोजणं कानडी. तालमीत नवी पोरं आली की त्यांना आखाड्यात उतरवण्याआधी तो समोर बसवी, पत्र्याची एक डबी उघडी आणि जमिनीवर चिंचोके मांडायला लागे. टाच-घोट्याकडं सात थोराड, त्यापुढं ओळीनं पाच, मग बोटांचे बारके चौदा. अंगठ्याला दोन, बाकीच्यांना तीन-तीन. "ओंदु, एरडु, मूरु..." करत सव्वीस भरले की म्हणे, "ह्यो तुमचा पाय. आता सांगा, ही हाडं धरून ठिवल्यात कशानं?" मग आपला डावा घोटा चोळत तोच सांगे, "आत बंध असत्यात. दिसत न्हाईत, म्हणून त्यांची कुणाला कदर न्हाय."

हे सगळं तो दवाखान्यात शिकला. तीन महिने खाटेवर पडून होता, तेव्हा पट्ट्या बांधणाऱ्या ड्रेसरला विचारून विचारून त्या बिचाऱ्याला त्यानं भंडावून सोडलं होतं. आणि त्या खाटेवर त्याला पोचवला मी. हे परवापर्यंत मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा आमच्या तालमीचा आट्यापाट्यांचा संघ होता. मी त्याचा म्होरक्या आणि भीमण्णा हुकमी गडी. डावीकडं जातो असं दाखवून उजवीकडनं असा सटकायचा की पाटीवरचा गडी हवेत हात मारत राही! गड्ड्याच्या जत्रेत शेजारच्या पेठेशी सामना ठरला होता. दोन वर्षं आम्ही सपाटून मार खाल्लेला, पेठेत तोंड दाखवायची सोय नव्हती. आणि नेमका आठ दिवस आधी सरावात भीमण्णाचा डावा पाय आतल्या अंगाला मुडपला. घोटा वांग्याएवढा सुजला. हळदीचा लेप दिला, निजवून ठेवला. पण खेळायची परवानगी आमच्याकडं दोरा द्यायचा. मागावरचा सुती दोरा चांगल्या घोट्याभोवती धरायचा, जिथं टोक पोचेल तिथं गाठ मारायची, मग तोच दुखऱ्या घोट्याला लावायचा. टोक गाठीला भिडलं तर सूज उतरली, गडी मोकळा. नाही भिडलं तर गप बसून सामना बघायचा.

सामन्याच्या सकाळी सगळ्यांदेखत दोरा मी लावला. अर्धं बोट कमी पडत होता. अर्धं बोट म्हणजे काय फार झालं? मी दोरा आवळला, टोक गाठीला भिडवलं आणि ओरडलो, "पोचला!" भीमण्णानं माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, खेळू?" "खेळ की! दोरा काय खोटं बोलतोय होय?"

तिसऱ्या पाटीवर त्यानं हुलकावणी दिली आणि मटकन खाली बसला. ओरडला नाही. सामना आम्ही जिंकलो. त्याला टांग्यात घातलं तेव्हा माझ्या कपाळाला गुलाल होता... लाज वाटते लिहायला. ड्रेसर माझ्यावरच खेकसला, "सूज उतरली म्हणजे आतलं सांधलं असं कुणी सांगितलं तुम्हाला? अर्धा तुटलेला बंध होता, आता पुरता गेला. हाडाचा टवकाही उडालाय."

भीमण्णा पुन्हा खेळला नाही. तालमीतली दोऱ्याची रीत त्यानंच मोडली. आधी दुखऱ्या पायावर डोळे मिटून उभं राहा, मग चवड्यावर उठा, मग सरळ पळा, हुलकावणी सगळ्यात शेवटी, असा त्याचा कायदा होता. पोरं कुरकुरली की म्हणे, "मागावर ताण्याचा धागा तुटला तर सांधतुया न्हवं? पण सांध्याला लावल्याली खळ वाळंस्तवर माग वडतुया का? सूज आठ दिसात जाती, आतलं भरायला म्हैनं लागत्यात." मग तो आपलीच गोष्ट एका लंगड्या झालेल्या गड्याची म्हणून सांगे, नाव न घेता, आणि विचारी, "चूक कुणाची?" पोरं एका सुरात ओरडत, "गड्याचीच! घाई कशाला केली?" भीमण्णा हसून म्हणे, "व्हय की, गड्याचीच." मी बाजूच्या कट्ट्यावर बसून ऐकत असे. एक नाही, दोन नाही, बारा वर्षं. आज सांगू, उद्या सांगू करता करता मी त्या गोष्टीला मानही डोलवायला लागलो होतो!

तो आजारी पडल्यावर मी मोसंबी घेऊन गेलो होतो. श्वास पुरत नव्हता, तरी विचारलं, "मास्तर, काय सांगायचं हाय का?" मी म्हणालो, "आधी बरा हो." चार दिवसांनी शिपाई निरोप घेऊन आला.

तेराव्यानंतर त्याची बायको गौरव्वा हिनं ती डबी माझ्या हातात ठेवली. उघडली तर चिंचोक्यांखाली काळपट पडलेला एक दोरा. गाठ दुहेरी, मीच मारतो तशी. गौरव्वा शांतपणे म्हणाली, "दोरा आवळल्याला पायाला कळतो की, मास्तर. पण त्ये तुमास्नी कवा बोलले न्हाईत. म्हनायचे, येक दिस मास्तर सोताच पोरांना सांगतील." डबी धोतराच्या सोग्यात बांधली आणि निघालो.

परवा तालमीत गेलो. कवायतीतलं ते लंगडणारं पोरही आलं होतं; त्याला पुढं बसवलं. चिंचोके मांडले. दोनदा चुकलो, अंगठ्याला तीन ठेवले. सव्वीस भरले तशी मी गोष्ट सांगितली आणि भीमण्णासारखंच विचारलं, "चूक कुणाची?"

"गड्याचीच!" पोरं ओरडली.

"नाही," मी म्हणालो, आणि डबीतून दोरा काढला. "हा मी आवळला होता."

हे ऐकायची ज्यानं बारा वर्षं वाट पाहिली, तोच तेवढा तिथं नव्हता.